तिजोरीला दोन चाव्या, डेटाबेसला एक

मुदत ठेवीची पावती घेऊन एक आजोबा आमच्या एका शाखेच्या काउंटरवर आले. पावतीवर व्याजदर साडेआठ टक्के, कॅशियरकाकांच्या स्क्रीनवर आठ. काकांनी मला फोन लावला. मी पतसंस्थेच्या मुख्य कार्यालयात बसते. सहा शाखा, आणि संगणकाचं सगळं काम माझ्याकडे आणि माझ्या हाताखालच्या एका मुलाकडे. शोधलं तर दर बदललेल्या ३७ ठेवी निघाल्या, सगळ्या त्याच शाखेच्या. आदल्या महिन्याच्या बॅकअपमध्ये त्या साडेआठच होत्या. कुणाचे पैसे बुडाले नाहीत, दर त्याच संध्याकाळी दुरुस्त केले. पण संचालक मंडळाच्या बैठकीत अध्यक्षांनी विचारलं, "हे केलं कुणी?" आणि मला काहीही सांगता आलं नाही.

आमचा प्रोग्रॅम जुन्या घडणीचा आहे. काउंटरवरचा प्रत्येक पीसी मुख्य कार्यालयातल्या पोस्टग्रेस सर्व्हरला (पोस्टग्रेस म्हणजे सगळे हिशेब टेबलांत साठवणारा डेटाबेस) थेट जोडला जातो. त्यासाठी लागणारं नाव आणि पासवर्ड प्रत्येक पीसीवर एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहिलेले असायचे. नाव सगळीकडे एकच, 'पोस्टग्रेस'. म्हणजे सुपरयुजर, ज्याला कुठलीच तपासणी लागू होत नाही. प्रोग्रॅमच्या आत प्रत्येकाचं वेगळं लॉगिन होतं, लिपिकाने नोंद करायची आणि अधिकाऱ्याने पास करायची हेही होतं. पण ती फाइल उघडून कुणीही दुसरं एखादं टूल लावलं की तो थेट टेबलात. आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे कोण जोडलं त्याच्या नोंदींत, सगळ्यांचं नाव तेच एक.

अकरा दिवस संशय कॅशियरकाकांवर होता. लॉगमधली जोडणी त्यांच्या टेबलावरच्या पीसीची होती, एवढाच आधार. "माझ्या टेबलावरचा पीसी म्हणजे मीच का पोरी?" एवढंच ते म्हणाले. जेवायच्या सुट्टीत तो पीसी कोण कोण वापरतं हे शाखेत सगळ्यांना माहीत होतं, आणि सिद्ध काहीच करता येत नव्हतं. कुणी केलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. काकांवरचा संशय कुणी मोठ्याने बोलून मागे घेतला नाही, तो नुसता विरत गेला. याची मला आजही लाज वाटते, कारण ती टेक्स्ट फाइल मी तीन वर्षं रोज बघत होते.

अधिकारांची नव्याने मांडणी करायची असं ठरलं तेव्हा मला वाटलं, काका दुखावतील. आधी संशय, आता बंधनं. मी शाखेत जाऊन त्यांना सांगितलं. त्यांनी तिजोरीकडे बोट दाखवलं. एक चावी त्यांच्याकडे, एक शाखाधिकारी साहेबांकडे, दोन्ही लागल्याशिवाय उघडत नाही. "ही दुसरी चावी माझ्यावर विश्वास नाही म्हणून नव्हं. रक्कम कमी आली तर माझ्या एकट्यावर येऊ नये म्हणून. तुमच्या त्या सर्व्हरला मात्र एकच चावी, ती बी दारालाच टांगलेली." पुढचे चार महिने मी जे केलं ते या वाक्याला धरून केलं.

पहिली चूक करता करता वाचले. मुख्य कार्यालयात बसून, संस्थेच्या सेवानियमातल्या पदांच्या यादीवरून मी रोल, म्हणजे डेटाबेसमधल्या भूमिका, आखायला घेतले होते. लिपिक, वरिष्ठ लिपिक, अधिकारी, शाखाधिकारी. मग म्हटलं, दोन दिवस शाखेत बसून बघू या. बरं झालं. बाजाराच्या दिवशी गर्दी झाली की पासबुकं शिपाईमामा छापून देतात. सेवानियमात शिपायाला संगणकाचं काम नाही, म्हणून ते लिपिकाच्या लॉगिनवर बसतात, आणि त्या वेळात लिपिकाला जे जे करता येतं ते सगळं त्यांना करता येतं. संध्याकाळी पिग्मी एजंट येतात, त्यांच्या मशीनमधली वसुली जो मोकळा असेल तो उतरवून घेतो. वसुली अधिकाऱ्याला कर्जखाती बघायची असतात, पण ठेवींशी त्याचा संबंध नाही. एक लिपिक महिन्यातून चार दिवस शेजारच्या शाखेत जाते. हे सगळं मी एका शंभर पानी वहीत लिहून घेतलं: कोण, कुठल्या टेबलातलं काय बघतो, काय भरतो, काय बदलतो, काय पुसतो. अख्ख्या कामातला सर्वांत जास्त वेळ या वहीने खाल्ला. पुढचं निम्मं काम तिच्यातच झालं होतं.

पोस्टग्रेसमध्ये २००५ सालच्या ८.१ आवृत्तीपासून युजर आणि ग्रुप असे दोन प्रकार राहिलेले नाहीत. सगळे रोलच. ज्याला लॉगिनची मुभा आहे तो माणूस, ज्याला नाही तो गट. मी हे तंतोतंत पाळलं. कामाचे रोल वेगळे, त्यांना लॉगिन नाही: लिपिक, पासिंग, पासबुक, पिग्मी, वसुली, लेखापरीक्षक. टेबलांवरचे अधिकार फक्त यांना. माणसांचे रोल वेगळे, त्यांना लॉगिन आणि पासवर्ड, पण टेबलावर स्वतःचा एकही अधिकार नाही. त्यांना फक्त कामाच्या रोलचं सदस्यत्व. उद्या लिपिकाची बढती झाली तर एक सदस्यत्व काढायचं, एक द्यायचं, टेबलांना हातही लावायचा नाही. थेट माणसाच्या नावावर 'ग्रँट' (अधिकार देण्याची आज्ञा) करायचा मोह पुढे कितीतरी वेळा झाला, विशेषतः फोनवर समोरचा घाईत असताना. एकदाही केलं नाही.

आणि सर्वांत वरचा एक रोल, मालक. पोस्टग्रेसमध्ये टेबल ज्याने तयार केलं तो त्याचा मालक, आणि टेबल मोडणं किंवा त्याची रचना बदलणं हा हक्क 'ग्रँट'ने कुणाला देताच येत नाही. तो मालकाकडे आणि मालकाच्या गटातल्यांकडेच असतो. आमच्याकडे निम्मी टेबलं 'पोस्टग्रेस'च्या नावावर होती आणि काही एका जुन्या प्रोग्रॅमरच्या नावावर, जो कधीच सोडून गेला होता. सगळ्यांची मालकी एका नव्या रोलकडे नेली आणि त्या रोलला लॉगिनच दिलं नाही. मी त्याची सदस्य आहे, पण सदस्यत्व देताना अधिकार आपोआप मिळू नयेत असं सांगितलंय. १६ व्या आवृत्तीत ते त्या 'ग्रँट'मध्येच लिहिता येतं. मला टेबलाची रचना बदलायची असेल तर आधी 'सेट रोल' लिहून मालक व्हावं लागतं. झोपेत, घाईत, चुकून ते होत नाही.

सरावासाठी वेगळा सर्व्हर घेतला. आधी विचार होता की त्याच सर्व्हरवर डेटाबेसची प्रत काढावी, जागाही होती. पण रोल हे एका डेटाबेसचे नसतात, अख्ख्या सर्व्हरचे असतात. प्रतीवर सराव म्हणून एखाद्या रोलचं लॉगिन बंद केलं असतं तर खऱ्या शाखेतला माणूस बाहेर फेकला गेला असता. याच गोष्टीची दुसरी बाजू बॅकअपमध्ये दिसली. रोजचा बॅकअप आम्ही 'पीजी-डंप' या पोस्टग्रेसच्या साधनाने घेतो, त्यात रोल येतच नाहीत. सरावाच्या सर्व्हरवर तो उतरवला तेव्हा 'रोल डझ नॉट एक्झिस्ट'च्या ओळींनी स्क्रीन भरली. तेव्हापासून रोजच्या बॅकअपसोबत 'पीजी-डंप-ऑल'ने नुसते रोल वेगळे उतरवून ठेवतो. नाहीतर सर्व्हर जळाला त्या दिवशी हिशेब परत आला असता आणि हिशेबाला हात कुणी लावायचा ही सगळी मांडणी गेली असती.

त्यानंतर आधी दारं बंद करायची होती. पोस्टग्रेसमध्ये 'पब्लिक' नावाचं एक अदृश्य सगळ्यांचं खातं असतं, त्याला दिलेलं प्रत्येकाला मिळतं. जुन्या आवृत्त्यांत या 'पब्लिक'ला पब्लिक स्कीमात (स्कीमा म्हणजे टेबलांचा कप्पा) नवीन टेबल बनवण्याची मुभा असायची. २०२२ मधल्या १५ व्या आवृत्तीपासून ती काढली. आम्ही १२ वरून १६ वर आलो होतो, म्हणून मी वहीत त्यावर 'झालेलं' अशी खूण केली होती. मग सहज म्हणून एका नव्या रोलने पब्लिक स्कीमात टेबल बनवून बघितलं, आणि बनलं. नवा नियम नव्याने तयार केलेल्या डेटाबेसला लागू होतो. जुन्या डेटाबेसचा डंप उतरवला की जुन्या मुभा जशाच्या तशा सोबत येतात. तेव्हापासून एकही ओळ मी वाचून खरी मानली नाही. प्रत्येक अधिकार त्या रोलने आत जाऊन, करून बघितला. आणि जे करता यायला नको तेही करून बघितलं, ते जास्त महत्त्वाचं.

या कामात पोस्टग्रेसची एक गोष्ट मनापासून आवडली. 'ग्रँट' आणि अधिकार काढणारं 'रिव्होक' हे डेटाबेसच्या व्यवहाराच्या आत, म्हणजे शेवटी सगळं रद्द करता येईल असे, करता येतात. 'बिगिन' म्हणायचं, अधिकार काढायचे, 'सेट रोल'ने लिपिक होऊन बघायचं, काय मोडतं ते टिपायचं, आणि 'रोलबॅक'. सरावाच्या सर्व्हरवर मी हे दिवसातून चाळीस वेळा केलं असेल. एक खबरदारी लागते: 'पोस्टग्रेस' म्हणून बसून केलेली चाचणी म्हणजे चाचणीच नव्हे. सुपरयुजरला सगळंच चालतं.

लिपिक म्हणून पहिल्यांदा आत गेले तेव्हा एकही स्क्रीन उघडली नाही. टेबलांवर 'सिलेक्ट' (वाचण्याचा अधिकार) दिलं होतं, पण टेबलं ज्या स्कीमात आहेत त्या स्कीमाचं 'यूसेज' दिलं नव्हतं. खोलीची चावी दिली आणि इमारतीचं फाटक बंद. ते दिलं तर खाती दिसली, पण नवीन पावती भरताना पुन्हा 'परमिशन डिनाइड', या वेळी टेबलासाठी नव्हे, सिक्वेन्ससाठी. पावतीचा अनुक्रमांक जिथून येतो तो सिक्वेन्स ही वेगळी वस्तू, तिचा अधिकार वेगळा. आमची टेबलं जुनी, 'सिरियल' प्रकारची, म्हणून प्रत्येकाच्या सिक्वेन्सवर 'यूसेज' द्यावं लागलं. नव्या 'आयडेंटिटी' कॉलमला ते लागत नाही.

शिपाईमामांच्या पासबुकाने मला सर्वांत जास्त शिकवलं. पासबुक छापायचं म्हणजे नुसतं बघायचं, असं मी वहीत लिहिलं होतं. पहिलंच पासबुक छापलं आणि प्रोग्रॅम अडला. छापून झाल्यावर तो 'शेवटची छापलेली ओळ' खात्यात लिहून ठेवतो, म्हणजे 'अपडेट', बदलण्याचा अधिकार, आलं. खात्याच्या टेबलावर अख्खं 'अपडेट' शिपाईमामांना द्यायचं? त्यात शिल्लकही बदलता आली असती. मग एका कॉलमपुरतं 'अपडेट' दिलं. 'ग्रँट अपडेट' लिहून कंसात त्या एकाच कॉलमचं नाव. सोबत खाते क्रमांकाच्या कॉलमवर 'सिलेक्ट'ही लागतं, कारण 'अमुक खात्याची ओळ बदल' म्हणायचं तर ते खातं शोधताना वाचावं लागतंच. आता बाजाराच्या दिवशी मामा स्वतःच्या नावाने बसतात. पहिल्या दिवशी पडद्यावर स्वतःचं नाव बघून त्यांनी मुलाला फोटो पाठवला.

पुढचा प्रश्न आधार आणि पॅनचा. २०२३ साली वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झाल्यापासून संचालक मंडळातही हा विषय निघू लागला होता. वसुली अधिकाऱ्याला सभासदाचा पत्ता हवा, फोन हवा, पण आधार क्रमांक कशाला? मी सभासद टेबलावर त्याच्या रोलला 'सिलेक्ट' दिलं होतं, त्यातून दोन कॉलम 'रिव्होक' केले. काहीही तक्रार न करता 'रिव्होक' असं उत्तर आलं. त्या रोलने जाऊन बघितलं तर आधार क्रमांक ढळढळीत समोर. टेबलभर दिलेला अधिकार कॉलमपुरता काढता येत नाही. पोस्टग्रेस चूक दाखवत नाही, काढल्याचं उत्तर देतं, आणि होत काहीच नाही. अनेक ठिकाणी लोक इथेच थांबून निश्चिंत झाले असतील, या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही. योग्य रीत उलटी: टेबलभरचा अधिकार काढायचा, आणि हवे ते कॉलम एकेक नाव घेऊन द्यायचे.

तसं केल्यावर प्रोग्रॅमची स्क्रीन मोडली, कारण ती 'सगळे कॉलम दे' असं मागते, आणि त्यातला एक जरी बंद असला तरी सगळीच मागणी फेटाळली जाते. म्हणून त्या स्क्रीनसाठी व्ह्यू, म्हणजे टेबलातलं निवडकच दाखवणारी खिडकी, केला, आधार-पॅन वगळून. चाललं. पण त्या व्ह्यूमुळे पुढे केवढा मोठा धोका होणार होता ते शाखानिहाय बंधनाच्या वेळी कळलं.

शाखानिहाय बंधन म्हणजे ओळीवरचं संरक्षण, २०१६ च्या सुरुवातीला ९.५ आवृत्तीत आलेलं. टेबल तेच, पण या शाखेच्या लिपिकाला याच शाखेच्या ओळी दिसाव्यात. सरावाच्या सर्व्हरवर मी ते खात्यांच्या टेबलावर सुरू केलं आणि लिपिक होऊन खाती मोजली. शून्य. माहीत असूनही पोटात गोळा आला. संरक्षण सुरू केलं आणि धोरण, म्हणजे कुणाला कुठल्या ओळी दिसाव्यात याचा नियम, लिहिलं नाही तर कुणालाच काही दिसत नाही, आणि हे बरोबरच आहे. मग एक छोटं टेबल केलं, कोण कुठल्या शाखेत, आणि त्याच्या आधारे धोरण लिहिलं. महिन्यातून चार दिवस शेजारच्या शाखेत जाणाऱ्या लिपिकेसाठी त्या टेबलात एक ओळ बदलली की झालं, तिच्या अधिकारांना हात लावायचा नाही. हे छोटं टेबल सगळ्यांना वाचता आलं पाहिजे, कारण धोरणातली तपासणी विचारणाऱ्याच्या अधिकारांनिशी चालते. पण लिहिता कुणालाही येऊ नये, नाहीतर जो तो स्वतःला मुख्य कार्यालयात घालील. मुख्य कार्यालयाच्या रोलसाठी 'सगळ्या ओळी' असं दुसरं धोरण.

सगळं जुळलं असं वाटत असताना माझ्या हाताखालच्या मुलाने त्या आधार-पॅनवाल्या व्ह्यूमधून सभासद मोजले. एका शाखेचा वसुली अधिकारी म्हणून मोजले, आणि आकडा सहाही शाखांचा आला. व्ह्यू हा त्याच्या मालकाच्या अधिकारांनी चालतो. व्ह्यूचा मालक आणि टेबलाचा मालक एकच, आणि टेबलाच्या मालकाला ओळीवरचं संरक्षण लागू होत नाही. एक खिडकी झाकायला पडदा लावला आणि त्याच पडद्यामागून दुसरी भिंत उघडी. १५ व्या आवृत्तीपासून व्ह्यूला 'सिक्युरिटी इन्व्होकर' अशी सूचना देता येते, मग तो बघणाऱ्याच्या अधिकारांनी चालतो. ती दिली. बघणाऱ्याकडे त्या कॉलमांचे अधिकार आधीच होते, म्हणून स्क्रीनही चालली आणि ओळीही शाखेपुरत्याच आल्या. हे सापडलं ते त्या मुलामुळे. मी तो व्ह्यू 'झालेला' म्हणून वहीतून मिटवला होता.

लेखापरीक्षकांचं सोपं असेल असं वाटलं होतं. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० प्रमाणे दरवर्षी लेखापरीक्षण होतं, ते येतात, बघतात, जातात. १४ व्या आवृत्तीपासून सगळं वाचू देणारा एक तयार रोल पोस्टग्रेससोबतच मिळतो, तो दिला. त्यांच्या नावाने बघितलं तर खाती शून्य: तो रोल सगळी टेबलं वाचू देतो, पण ओळीवरचं संरक्षण ओलांडू देत नाही. त्यांच्यासाठीही धोरण लिहिलं. त्यांच्या लॉगिनला 'व्हॅलिड अनटिल'ने तारीख घातली, पण ती तारीख फक्त पासवर्डची असते. मुदत संपली तरी उघडी असलेली जोडणी तुटत नाही. म्हणून तारीख आहेच, आणि ते गेल्यावर लॉगिन बंद करण्याची नोंद माझ्या डायरीतही आहे.

मधेच एक मागणी आली, आणि तिच्यावर बरीच चर्चा झाली. लिपिक रजेवर गेला तर दुसऱ्याला त्याचे अधिकार देण्याची सोय शाखाधिकाऱ्यांकडे असावी. पोस्टग्रेसमध्ये 'विथ ग्रँट ऑप्शन' आहे, ज्याला मिळालं तो पुढे देऊ शकतो. मी नको म्हटलं. शाखाधिकारी साहेब चांगले आहेत, विश्वासाचे आहेत. पण देणारे अनेक झाले की काढताना काय होतं हा जुना प्रश्न आहे. आयबीएमच्या सिस्टिम आर प्रकल्पात पॅट्रिशिया ग्रिफिथ्स आणि ब्रॅडफर्ड वेड यांनी १९७६ साली 'ग्रँट' आणि 'रिव्होक'ची मांडणी केली, तेव्हा त्यांनी नेमकं हेच सोडवायला घेतलं होतं: अ ने ब ला दिलं, ब ने क ला दिलं, आता अ ने ब कडून काढलं तर क चं काय? पोस्टग्रेस अशा वेळी अडून राहतं, 'कॅस्केड' म्हटलं तरच साखळीतल्या सगळ्यांचं काढतं. सहा शाखांत सहा साखळ्या सांभाळण्यापेक्षा फोन करा, मी दोन मिनिटांत सदस्यत्व देते, असं ठरलं. सुरुवातीला कुरबूर झाली. आता रजेचा अर्ज आला की फोन येतोच.

बदल एका रविवारी केला. आदल्या आठवड्यात प्रत्येक शाखेत जाऊन प्रत्येकाला समोर बसवून पासवर्ड त्याचा त्याला टाकायला लावला होता. पीएसक्यूएल या पोस्टग्रेसला आज्ञा देण्याच्या प्रोग्रॅममधल्या 'पासवर्ड' आज्ञेने तो इकडूनच सांकेतिक रूपात जातो, सर्व्हरच्या लॉगमध्ये उघडा पडत नाही. नव्या पासवर्डसाठी स्क्रॅम ही पासवर्ड तपासण्याची सुरक्षित पद्धत ठेवली. दोन जुन्या पीसींवर 'ऑथेंटिकेशन मेथड १० नॉट सपोर्टेड' आलं, तिथला सर्व्हरशी जोडून देणारा ड्रायव्हर फार जुना होता, तो बदलला. कोण कुठून जोडू शकतो ते ठरवणाऱ्या 'पीजी-एचबीए' फाइलमध्ये मी नव्या ओळी खाली लिहिल्या होत्या आणि 'सगळे, कुठूनही' ही जुनी ओळ वरच राहिली होती. ती फाइल वरून खाली वाचली जाते आणि जुळणारी पहिली ओळ लागू होते, खालच्या नुसत्या शोभेला. जुनी ओळ काढली. शेवटी 'पोस्टग्रेस'चा पासवर्ड बदलला आणि त्याला सर्व्हरच्या स्वतःच्या कीबोर्डखेरीज कुठूनही येता येणार नाही असं केलं. नवा पासवर्ड एका पाकिटात, पाकिटावर अध्यक्षांची आणि माझी सही, आणि पाकीट मुख्य कार्यालयाच्या तिजोरीत. तिला अर्थातच दोन चाव्या आहेत.

सोमवार दिवसभर सुरळीत गेला. संध्याकाळी पावणेसहाला तीन शाखांतून एकदमच फोन. डे-एंड, म्हणजे दिवसाचा हिशेब बंद करायचं काम, अडलं होतं. डे-एंडमध्ये एक तात्पुरतं टेबल रिकामं केलं जातं, ते 'डिलीट'ने होत असेल असं मी धरलं होतं. प्रोग्रॅम 'ट्रंकेट' (अख्खं टेबल एकदम रिकामं करणारी आज्ञा) वापरतो, आणि 'ट्रंकेट' हा पोस्टग्रेसमध्ये वेगळा अधिकार आहे. फोनवरचा एक आवाज म्हणाला, "मॅडम, आजच्यापुरता जुना पासवर्ड द्या की, उद्या बघू." घरी जायची वेळ झालेल्या सहा शाखांतल्या माणसांना मी दहा मिनिटं थांबवलं. त्या एकाच टेबलावर, डे-एंड करणाऱ्या एकाच रोलला 'ट्रंकेट' दिलं. तो जुना पासवर्ड त्या दिवशी दिला असता तर तो परत कधीच गेला नसता.

महिन्याभराने एक गाठ मात्र माझ्या हातून सुटलेली निघाली. नवीन टेबल केलं, आणि कुणालाच दिसेना. पुढच्या टेबलांचे अधिकार आपोआप मिळावेत म्हणून मी 'डिफॉल्ट प्रिव्हिलेजेस' लिहिली होती, पण ती 'पोस्टग्रेस' म्हणून बसून. ती फक्त त्याच रोलने बनवलेल्या टेबलांना लागतात. टेबल बनवलं होतं मालक रोलने. 'फॉर रोल' लिहून मालकाच्या नावाने पुन्हा केली. या सगळ्या आज्ञा आता एका फाइलमध्ये आहेत, आणि फाइलीत नसलेला अधिकार सर्व्हरवर दिसला तर तो का दिसतोय हे मी दर महिन्याला शोधते.

ज्यासाठी हे सगळं केलं ते शेवटी केलं. व्याजदर, शिल्लक, हप्ता बदलला की एक ट्रिगर (बदल झाला की आपोआप चालणारी आज्ञा) जुनी किंमत, नवी किंमत, वेळ आणि नाव वेगळ्या टेबलात लिहितो. त्या टेबलात कामाच्या कुठल्याही रोलला लिहिता येत नाही, पुसता येत नाही. ट्रिगरचं फंक्शन मालकाच्या अधिकाराने लिहितं, म्हणून त्यात 'करंट युजर' घेतला तर प्रत्येक ओळीत मालकाचंच नाव आलं असतं. 'सेशन युजर' घ्यायचा, ज्या नावाने माणूस दारातून आत आला ते. मार्चअखेरीला एका कर्जाचा हप्ता चुकीचा दिसला. नाव, वेळ, जुना आकडा, नवा आकडा, सगळं एका मिनिटात समोर. त्या शाखेतल्या मुलीने दोन आकडे उलटे टाकले होते. तिने बघितलं, हसली, दुरुस्त केलं. अकरा दिवस कुणालाही मान खाली घालून बसावं लागलं नाही.

कॅशियरकाका गेल्या महिन्यात निवृत्त झाले. त्यांचा रोल मी काढून टाकला नाही. त्या नावाच्या हजारो नोंदी आहेत, आणि तेच नाव उद्या दुसऱ्या कुणाला देता येऊ नये. नुसतं 'नो-लॉगिन' केलं. त्याने नवीन जोडणी थांबते, उघडी असलेली तुटत नाही. बघितलं तर त्यांच्या काउंटरवरून एक जोडणी अजून उघडी होती, स्क्रीन बंद करायची राहून गेली होती. फोन लावला.

"बंद केलं का माझं?" त्यांनी विचारलं.

"करतेय काका. स्क्रीन उघडी आहे तुमची."

"थांब, मीच बंद करतो." थोड्या वेळाने म्हणाले, "आणि मागचं?"

"मागचं सगळं तुमच्याच नावावर आहे."

"बरं," ते म्हणाले. "इकडं बी चावी दिलीय नव्या पोराच्या हातात. रजिस्टरला सही घेतलीय त्याची."